कॅनचा 'साउंडट्रॅक्स': नुसता ऐकायचा की आधी सिनेमे बघायचे?

अर्धवट_श्रोता

मंडळी, एक शंका आहे, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या. गेले दोन महिने कॅन या जर्मन बँडने मला झपाटलंय. सुरुवात 'टागो मागो'पासून झाली (बहुतेकांची तिथूनच होते म्हणे), मग 'एगे बाम्यासी' झाला, मग म्हटलं आता मागे जाऊया, तर १९७० चा 'साउंडट्रॅक्स' हाती लागला. वापरलेली एलपी घेतली, विकणारा म्हणाला एकदम चकाचक आहे, आणि घरी आणून लावली तर पहिल्या बाजूला तिसऱ्या गाण्यावर सुई अशी अडकते की तेवढाच तुकडा गोल गोल फिरत बसतो, आणि गंमत म्हणजे पहिल्या दोन वेळा मला वाटलं की हे त्यांनी मुद्दामच केलंय, या लोकांचा काय भरवसा.

तर शंका अशी. पहिल्या बाजूला पाच गाणी आहेत आणि एकातही मला नीट बसता येत नाही. 'डेडलॉक' सुरू होतं, गिटार रडते, गाणारा रडतो, म्हटलं वा, तर साडेतीन मिनिटांत खेळ खल्लास, मग एक टँगोसारखं काहीतरी, मग परत 'डेडलॉक'चीच धून दीड-पावणेदोन मिनिटं, मग बासरी, मग कोणीतरी घसा खरवडून ओरडतंय. टीव्हीचा रिमोट दुसऱ्याच्या हातात असावा तसं वाटतं. आणि मग बाजू उलटली की थेट साडेचौदा मिनिटांचं 'मदर स्काय', आणि त्यानंतर शेवटी 'शी ब्रिंग्ज द रेन', जे इतकं साधंसुधं, शहाण्या मुलासारखं आहे की मी उठून लेबल वाचून आलो, बँड तोच आहे ना म्हणून.

हा खरंच अल्बम आहे की उरलंसुरलं एकत्र बांधून विकलंय? हे सगळं सिनेमांसाठी केलेलं आहे तर आधी ते सिनेमे बघायला हवेत का? आणि शेवटच्या गाण्यात गाणारा तोच आहे का, मला आवाज वेगळा वाटतोय पण मी कान तुटलेला माणूस आहे.

कानसेन

कान शाबूत आहे तुमचा, काळजी नको. गाणारे दोन आहेत. 'सोल डेझर्ट' आणि 'शी ब्रिंग्ज द रेन' या दोन्हींत माल्कम मूनी, बाकी जिथे जिथे आवाज आहे तिथे दामो सुझुकी. म्हणजे तो घसा खरवडणारा आणि शेवटचा शहाणा मुलगा हे एकच गृहस्थ आहेत, मला हे कळलं तेव्हा मी पण परत जाऊन ऐकलं होतं.

मूनी अमेरिकन, १९६९ चा पहिला अल्बम 'मॉन्स्टर मूव्ही' त्याच्या आवाजात आहे. मग त्याची मानसिक तब्येत बिघडली आणि तो अमेरिकेला परत गेला. मे १९७० मध्ये बेसवाला होल्गर शुकाय आणि ड्रमर याकी लीबेत्साइट म्युनिकमध्ये एका कॅफेबाहेर बसले होते, समोर रस्त्यावर एक लांब केसांचा जपानी पोरगा स्वतःशीच काहीतरी आळवत चालला होता, शुकाय म्हणाला हा आपला नवा गायक, आणि त्याच रात्री त्याला घेऊन स्टेजवर गेले. तालीम वगैरे भानगडच नाही. तो दामो. त्यामुळे तुमच्या हातातली एलपी म्हणजे घरातून एक माणूस सामान घेऊन बाहेर पडतोय आणि दुसरा चप्पल काढून आत येतोय त्या दारातला फोटो आहे. रिमोट दुसऱ्याच्या हातात वाटतो त्याचं अर्धं कारण हे.

आता सिनेमांचं. घाई करून बघायची गरज नाही, कारण वाजवणाऱ्यांनीच ते बघितले नव्हते! की-बोर्डवाला इर्मिन श्मिट एकटा जाऊन सिनेमा बघून यायचा, परत येऊन बाकीच्यांना सांगायचा की असं असं आहे, हा माणूस असा आहे, या प्रसंगात असं वाटलं पाहिजे, आणि मग सगळे वाजवायला बसायचे. म्हणजे शुकाय, गिटारवाला कारोली, लीबेत्साइट यांच्यासाठी सिनेमा म्हणजे श्मिटने सांगितलेली गोष्ट. आजी गोष्ट सांगते तेव्हा राक्षस आपण आपल्या डोक्यात काढतो ना, तसलं. नेहमीचं पार्श्वसंगीत असतं त्यात दार उघडलं की व्हायोलिन, कोणी मेलं की शांतता, एकेक सेकंद मोजून. इथे सेकंद मोजायला समोर पडदाच नाही, आहे ती फक्त हवा. म्हणून ही गाणी सिनेमावाचून उभी राहतात असं माझं मत.

आणि 'उरलंसुरलं' म्हणालात त्याला उत्तर त्यांनी स्वतःच जॅकेटवर देऊन ठेवलंय, हा कॅनचा दुसरा अल्बम आहे पण अल्बम क्रमांक दोन नाही. चला, घाला डोकं.

बी_साइड

कानसेन, नेहमीप्रमाणे छान लिहिलंत पण थोडा पाण्याचा हंडा ओततो. ते जॅकेटवरचं वाक्य म्हणजे हात झटकणंच आहे हो. सरळ हिशोब बघा, बँड कलोनजवळच्या न्योर्फेनिशच्या एका जुन्या गढीत राहतोय, एका कलासंग्राहकाने जागा फुकट दिली म्हणून, खिशात पैसे नाहीत, सिनेमाची कामं येतायत ती घेतायत कारण त्यातून घर चालतं, गायक निघून गेलाय, नवा आत्ताच आलाय, खरा पुढचा अल्बम शिजायला वेळ आहे, तर तोवर बाजारात काहीतरी हवं. म्हणून हा. यात वाईट काही नाही, पण मग त्याला हवेचं आणि आजीच्या गोष्टीचं सोनेरी वेष्टन कशाला. 'टँगो व्हिस्कीमन' हे ठीकठाक गाणं आहे, सिनेमाचं नसतं तर कोणी दुसऱ्यांदा ऐकलं नसतं. 'डेडलॉक' दोनदा घालणं ही तर सरळ भरती.

'मदर स्काय'ला मात्र हात लावणार नाही. ते काढून घेतलं तर एलपी फ्रिसबी म्हणून चालेल.

कानसेन

पोटासाठी काम केलं म्हणून ते कमी प्रतीचं हे कुठलं गणित? पुढे १९७१ साली 'दास मेसर' नावाच्या टीव्ही थ्रिलरसाठी त्यांनी 'स्पून' केलं, ते पण कामच होतं, आणि ते जर्मनीत सहाव्या नंबरपर्यंत गेलं आणि मग 'एगे बाम्यासी'वर शेवटचं गाणं म्हणून बसलं. तिथे कोणी भरती म्हणत नाही. अर्धवटराव, तुम्हाला तो अल्बम आवडला ना? मग झालं तर.

रात्रपाळी

मी इथे फारशी लिहीत नाही पण 'मदर स्काय'चा विषय निघाला म्हणून. सिनेमे बघायची गरज नाही हे कानसेन काकांचं म्हणणं चार सिनेमांपुरतं मान्य. पाचव्यापुरतं नाही.

'मदर स्काय' आहे 'डीप एंड'मध्ये, येझी स्कोलिमॉव्स्की या पोलिश दिग्दर्शकाचा, १९७०. गोष्ट लंडनची पण शूटिंग बरंचसं म्युनिकला झालंय, आणि ते कुठेतरी जाणवतं, शहर ओळखीचं असून जरा वाकडं दिसतं. पंधरा वर्षांचा माइक सार्वजनिक स्नानगृहात नोकरीला लागतो, तिथे त्याच्याहून मोठी सुझन काम करते, आणि हा तिच्यापायी खुळा होत जातो. तर एका रात्री तो तिचा माग काढत सोहोमध्ये जातो, ती एका क्लबात आत, याला आत जाता येत नाही, आणि तिथे हे गाणं लागतं. आणि लागून राहतं. तो बाहेर येरझाऱ्या घालतोय, कोपऱ्यावर एक हॉट डॉगवाला आहे त्याच्याकडून एक घेतो, खातो, परत फेरी, परत त्याच्याकडेच, परत एक हॉट डॉग, आता त्याला भूक नाही हे आपल्यालाही कळतं आणि विकणाऱ्यालाही, पण तिथे उभं राहायला काहीतरी निमित्त हवं ना. प्रत्येक वेळी चेहऱ्यावर थोडी जास्त लाज आणि थोडी जास्त मोहरी. आणि मागे बेस आणि ड्रम तेच ते, तेच ते, तेच ते.

एरवी मी हे गाणं ऐकायचे तेव्हा मला ते मोकळं वाटायचं, आभाळ वगैरे, नावच तसं आहे. सिनेमा बघितल्यापासून ते मला अडकलेल्या माणसाचं गाणं वाटतं. पुढे सरकतंय असा भास आणि प्रत्यक्षात त्याच चौकात फेऱ्या. आता मला ते पहिल्यासारखं ऐकताच येत नाही. हा फायदा की तोटा माहीत नाही, म्हणून प्रश्न विचारणाऱ्यांना सांगते, आधी दहा-बारा वेळा नुसतं ऐका, मग बघा. उलट केलंत तर ते आभाळ तुम्हाला कधीच मिळणार नाही.

(शेवट सांगत नाही. कोणी सांगू पण नका.)

बी_साइड

मोहरीचं वाक्य चोरणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

ठेकेदार

उशिरा आलो पण 'मदर स्काय' म्हटल्यावर गप्प बसवेना. मी हौशी ड्रमर आहे, म्हणजे शेजाऱ्यांच्या दृष्टीने गुन्हेगार. तर मागच्या वर्षी ठरवलं की हे गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकॉर्डबरोबर वाजवायचं, साडेचौदा मिनिटं, त्यात काय आहे, अवघड काहीच नाही, एक ठेका तर आहे. पहिली गंमत म्हणजे गाणं सुरूच मधून होतं, कारोलीची गिटार आधीच सुसाट सुटलेली, जणू तुम्ही दार उघडलं आणि आत अर्ध्या तासापासून चाललंय, त्यामुळे पहिल्या ठोक्यालाच मी मागे पडलो. बरं, पकडलं. मग एखाद्या मिनिटाने सगळं खाली बसतं, बेस आणि ड्रम उरतात, दामो येतो हळूच. इथपर्यंत मजा. चौथ्या-पाचव्या मिनिटाला हाताला खाज सुटायला लागली, की आता एक छोटासा तुकडा टाकूया, टमवर एक फिरत घेऊया, कोणाला कळतंय. टाकला. आणि खाडकन लक्षात आलं की खोलीतून काहीतरी निघून गेलं. चूक काही नव्हती, समेवर बरोबर आलो होतो, पण जे तयार झालं होतं ते फुटलं, दुधावरची साय फुटते तसं. परत ती जमायला तीन मिनिटं गेली.

लीबेत्साइटला हे येत नव्हतं म्हणून तो साधं वाजवत नव्हता, हे समजून घ्या. तो आधी मानफ्रेड शूफ या ट्रंपेटवाल्याच्या मंडळीत फ्री जॅझ वाजवायचा, म्हणजे जिथे ठेका धरला तर लोक हसतील अशी जागा. तिथून उठून हा माणूस इथे आला. त्याचा एक प्रसिद्ध किस्सा आहे की कोणीतरी एकदा नशेत येऊन त्याला सुनावलं, तू एकसुरी वाजव, आणि त्याने ते मनावर घेतलं. आपल्याकडे कोणी ड्रमरला एकसुरी म्हटलं तर तो काड्या फेकून मारेल. पण त्याने सगळं येत असून ते बाजूला ठेवलं. आवर्तनामागून आवर्तन तेच, आणि नीट कान दिला तर तेच नाही, हाय-हॅटचा (पायाने मिटायच्या त्या झांजांचा) दाब कुठेतरी गुंजभर बदलतो आणि वर गिटारवाल्याला वाटतं आपणच वर चढलो.

तेव्हा बी_साइड, भरती म्हणा, पोटापाण्याचं म्हणा, पण इथून पुढे 'टागो मागो'मधलं 'हॅलेलुवा' येतं, अठरा मिनिटांच्या वर, त्याची जमीन इथे नांगरली गेली आहे. आणि सिनेमामुळेच. प्रसंग लांब आहे, थांबू नका, वाजवत राहा, असं कोणीतरी सांगितल्याशिवाय माणूस इतका वेळ तेच वाजवायचं धाडस करत नाही, हा माझा आपला अंदाज.

जुनी_टेप

तांत्रिक बाजू कोणी बोललं नाही म्हणून थोडंसं. हे सगळं दोन ट्रॅकच्या मशीनवर. म्हणजे सगळे एका खोलीत, एकदम, आणि नंतर आवाज वेगळे करून कमीजास्त करायची सोय जवळजवळ नाही. ड्रम जोरात झाला तर तो तसाच राहणार, त्यामुळे वाजवतानाच एकमेकांना जागा देणं भाग. नंतर शुकाय ती टेप घेऊन बसायचा, ऐकायचा, ब्लेडने कापायचा, चिकटवायचा. शुकाय आणि श्मिट दोघंही श्टॉकहाउझन या प्रयोगशील जर्मन संगीतकाराकडे शिकलेले, त्यामुळे टेप कापणं ही त्यांच्यासाठी जुगाड नव्हती, शिक्षणच होतं. 'मदर स्काय' मधूनच सुरू होतं असं ठेकेदार म्हणतात ते त्या नजरेने ऐका.

ज्या खोलीत टेप कापली जाते त्या खोलीत सिनेमा पण कापला जाऊ शकतो, टेबल वेगळं, ब्लेड तेच. हे लोक सिनेमावाल्यांच्या जवळचे होते ते नुसते पैशापायी नाही. पुढे १९७१ च्या शेवटी त्यांनी स्टुडिओ हलवला तो पण वायलर्सविस्ट गावातल्या एका बंद पडलेल्या सिनेमा थिएटरात! भिंतींना लष्कराच्या जुन्या गाद्या ठोकल्या, दीडेक हजार.

अर्धवट_श्रोता

अरे बापरे, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. एक राहिलं, बाकी चार सिनेमे कोणते, आणि कोणी बघितलेत का?

कानसेन

पहिली तीन गाणी 'डेडलॉक'ची, रोलांड क्लिकचा सिनेमा, १९७०. वेस्टर्नसारखा आहे पण घोडे नाहीत, इस्रायलच्या नेगेव वाळवंटात शूट केलेला, उजाड खाणवस्ती, पैशांनी भरलेली सुटकेस आणि तीन माणसं ज्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. हा मी बघितलाय आणि जोरदार शिफारस. ऊन इतकं आहे की डोळे बारीक करून बघावा लागतो, आणि ती रडणारी गिटार त्या उन्हातूनच आल्यासारखी वाटते, म्हणून 'डेडलॉक' दोनदा आहे हे मला तरी खटकत नाही, एकदा माणसाच्या तोंडून आणि एकदा वाळवंटाच्या. (बी_साइड, हसा.) 'डोन्ट टर्न द लाइट ऑन, लीव्ह मी अलोन', ते बासरीवालं, 'क्रीम' नावाच्या सिनेमाचं. 'सोल डेझर्ट' रॉजर फ्रिट्झच्या सिनेमातलं. आणि 'शी ब्रिंग्ज द रेन' टोमास शामोनीच्या 'एक मोठा निळा-करडा पक्षी' अशा अर्थाच्या नावाच्या सिनेमातलं. ते गाणं नंतर इतरांनी पण वापरलं, ट्रान आन हुंगच्या २०१० च्या 'नॉर्वेजियन वूड'मध्ये आहे, आणि तिथे ते जपानी पोरापोरींच्या खोलीत इतकं नीट बसतं की दुसऱ्या कोणासाठी केलं होतं हे विसरायला होतं.

रात्रपाळी

'शी ब्रिंग्ज द रेन'बद्दल कोणी बोललंच नाही! बेस चालतोय सावकाश, जॅझवाल्यांसारखा, गिटार आवरून धरलेली, ड्रम जवळजवळ जाणवतच नाहीत, आणि मूनी जवळ बसून सांगितल्यासारखं गातो. आधीच्या साडेचौदा मिनिटांनंतर ते आलं की मला मैफिलीनंतरची भैरवी वाटते. आणि गाणारा तेव्हा बँड सोडून गेलेला आहे. निरोप घेऊन गेलेल्या माणसालाच भैरवी म्हणायला लावली आहे यांनी.

ठेकेदार

रात्रपाळी, फारशी लिहीत नाही म्हणता आणि मग असं लिहिता.

अर्धवट_श्रोता

आठवड्याने परत येतोय. काल रात्री दिवे बंद करून, तुमचं सगळं डोक्यात ठेवून, आधी दुसरी बाजू लावली आणि मग पहिली, आणि काय फरक पडला सांगतो, 'मदर स्काय' आधी पोटात गेल्यावर पहिल्या बाजूची घाई जाणवलीच नाही. 'सोल डेझर्ट' मी इतके दिवस पुढे ढकलायचो, काल पूर्ण ऐकलं, आवडलं म्हणणार नाही, पण तोच माणूस नुकताच इतक्या हळुवार गाऊन गेलाय हे माहीत असल्यावर तो घसा ऐकवत नाही आणि सोडवत पण नाही. 'टँगो व्हिस्कीमन'बाबत बी_साइडशी सहमत, चालू असताना चहा करून आलो. 'डीप एंड' अजून बघितला नाही, दहा-बारा वेळा ऐकायचा कोटा पुरा करतोय, सध्या सातवर आहे.

आणि हो, एलपी मऊ फडक्याने नीट पुसली, खाचेत कसला तरी कण होता, तो गेला. सुई आता अडकत नाही. तर काल तिसरं गाणं सरळ संपून पुढे गेलं आणि मला चुकल्यासारखं झालं, त्या जागी माझी मान आपोआप हलायला लागली होती इतक्या दिवसांत.

ठेकेदार

किती ठोक्यांचा होता तो अडकलेला तुकडा? मोजला होता का?

अर्धवट_श्रोता

आता विचारल्यावर बोटांवर मोजून बघतोय... सात येतायत.

ठेकेदार

सात म्हणजे रूपक ताल झाला की हो! कशाला पुसलंत?